उंदीर दुसऱ्या घरी देताना

पोरी, पाळलेले उंदीर कुणाला द्यायचे तर मागायला आलेल्या मुलाशी बोलून भागत नाही. त्याच्या घरात उंदराचं नाव काढल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याशी बोल. बहुतेक ती आजी असते, नाहीतर आई. मुलगा कॉलेजला गेला की पिंजरा तिच्याच डोळ्यांसमोर राहणार. तिने मनापासून हो म्हटलं नसेल, तर चार दिवसांत पिंजरा गॅलरीत जातो. तिथे मांजर, ऊन, शेजाऱ्यांनी टाकलेलं औषध, सगळंच आलं.

आजी घाबरली तर तिला हसू नकोस. तिची भीती आपल्या भागातली आहे. 1896 साली मांडवीत प्लेग निघाला, मग सगळी मुंबई हादरली. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन साहेबांनी 1897च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढे परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा आली. आजही पावसाळ्यात लेप्टोची धास्ती असते, महापालिकेची माणसं रात्री बॅटरी-काठी घेऊन उंदीर मारत फिरतात. तिला खरं ते सांग. पांढरा उंदीर गटारातल्या तपकिरी उंदराच्याच जातीचा, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांत वाढलेला. बाहेरच्या उंदरांशी संबंध येऊ दिला नाही तर धोका फार कमी. ‘अजिबात नाही’ असं मात्र म्हणू नकोस. पिंजरा साफ केला की हात साबणाने धुवायचे, चावला तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवायचं, हे तिच्यासमोरच सांग. पटलं तर तीच पुढे उंदरांना भाकरीचा तुकडा भरवते.

दुसरं, ‘गावाला गेल्यावर कोण बघणार?’ हे विचारल्याशिवाय उठू नकोस. मे महिना, शिमगा, गणपती, लालबाग-गिरगावातली अर्धी घरं कोकणात. उत्तर लगेच आलं नाही तर घर तयार नाही असं समज.

एकटा उंदीर देऊ नकोस. एकटा पडला की तो खंगतो. दोन भाऊ किंवा दोन बहिणी दे. नर-मादी एकत्र कधीच नाही. मादी एकवीस-बावीस दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज, आणि व्यायल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पाच आठवड्यांची झाली की नर पिल्लं आईपासून वेगळी काढायची. ओळखायला सोपं आहे: आपल्या हवेत नराच्या गोट्या शेपटीखाली स्पष्ट दिसतात. तरी देण्याआधी एकेक उचलून पुन्हा बघ. दुकानदाराच्या शब्दावर राहिलेल्या किती घरांत महिन्याभराने डझनभर पिल्लं निघालेली मी पाहिली आहेत.

कुणी फोनवर पिंजऱ्याचं, खाण्याचं काही न विचारता फक्त ‘किती आहेत, केवढे आहेत, सगळे द्या’ म्हणाला, तर फोन ठेव. असे लोक उंदीर सापाचं खाणं म्हणून नेतात. आपल्याकडचे नाग-धामण पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण परदेशी अजगर पाळणारे मुंबईत आहेत. ‘फुकट देणे’ असं लिहूच नकोस. पिंजऱ्याचे थोडे पैसे माग आणि उंदीर घेणाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन दे. गजांमधून तुझी करंगळी सहज जात असेल तर लहान मादी निसटेल, जाळी लावायला सांग. फिनेल, डांबराच्या गोळ्या, अगरबत्ती त्या खोलीत नको. उंदरांची फुप्फुसं नाजूक असतात, आपल्याला नुसता वास येतो, त्यांना धाप लागते.

गणपतीत उंदीर हलवू नकोस. आपल्याला ऐकूही येत नाहीत असे आवाज त्यांना ऐकू येतात, तिथे लालबागचे ढोल-ताशे नव्या घरात पहिल्याच रात्री कसे सोसायचे? अनंत चतुर्दशी होऊ दे. नेताना सकाळी लवकर टॅक्सीने ने, गर्दीच्या लोकलने नाही. बाटलीचं पाणी सांडतं, म्हणून उंदीर नेण्याच्या डब्यात काकडीची जाड फोड ठेव. त्यांचं न धुतलेलं फडकं आणि नेहमीचं खाणं बरोबर दे, ओळखीच्या वासाने ते लवकर स्थिरावतात. त्या घरी आधीचे उंदीर असले तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायला सांग.

तब्येतीतलं काही लपवू नकोस. डोळ्याभोवती लाल दिसतं ते रक्त नसतं, पण उंदीर आजारी किंवा घाबरलेला असल्याची ती खूण असते. मादीच्या अंगावर गाठी येतात, तेही सांग. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, तरी उंदीर तपासणारे डॉक्टर कोण आणि कधी असतात, हे आधी फोन करून विचारायला लाव.

घर मिळालं नाही म्हणून बागेत किंवा नाल्याकाठी सोडायचं मनातही आणू नकोस. पाळलेल्या प्राण्याला उपाशी-तहानेने मरायला सोडणं 1960च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराला धड दिसतही नाही, तो एक रात्र काढायचा नाही. आणि दोन वर्षांच्या पुढचा उंदीर असेल तर घर शोधूच नकोस. त्याचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. तुला शिकायला बाहेर जायचंय ना? मग तो ज्याला ओळखतो अशा कुणाकडे ठेव, भावाकडे, मैत्रिणीकडे, आणि खर्च तू पाठव.

दिल्यावर आठ दिवसांनी फोन कर, मग महिन्याने. ‘जमत नाही’ असं ते म्हणाले तर कारण विचारत बसू नकोस, त्याच दिवशी जाऊन घेऊन ये. हे देतानाच त्यांना सांगून ठेव, म्हणजे ते संकोचाने लपवणार नाहीत.