ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचे तेल : निवड आणि बदल

ट्रॅक्टरच्या देखभालीवरील प्रशिक्षणात इंजिन ऑइल, एअर क्लीनर आणि टायरमधील हवा या विषयांना पुरेसा वेळ दिला जातो. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा उल्लेख मात्र बहुधा ‘पातळी तपासावी’ एवढ्यावरच उरकला जातो. पूर्वी पॉवर स्टिअरिंग ही मोठ्या अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची खासियत होती. आता मध्यम अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवरही ते सर्रास दिसते. त्यामुळे हे तेल कोणत्या प्रतीचे असावे, ते कधी व कसे बदलावे, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आणि स्वतःच्या यंत्राची निगा राखणाऱ्या शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे आवश्यक झाले आहे.

या विषयात सर्वाधिक गैरसमज मोटारीवरून ट्रॅक्टरकडे येतात. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटारीत स्टिअरिंगचे चाक आणि पुढील चाके यांच्यामध्ये लोखंडी दांडे व दाते यांचा प्रत्यक्ष दुवा असतो. तेलाचा दाब केवळ हाताला मदत करतो. तेल गळून गेले तर चाक जड होते, पण गाडी वळते. आजच्या बहुतेक नव्या मोटारींत तर ही मदत विजेची मोटर करते आणि तेथे बदलण्यासाठी तेलच नसते. शेतावरील ट्रॅक्टरची रचना वेगळी आहे. बहुतेक पॉवर स्टिअरिंग ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगच्या खांबाखाली एक मापक युनिट बसवलेले असते. मिस्त्री त्यास ‘ऑर्बिट्रॉल’ म्हणतात. चालक चाक जेवढे फिरवील तेवढे तेल हे युनिट मोजून पुढच्या ॲक्सलवरील सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूस पाठवते. चालकाचा हात आणि पुढील चाके यांच्यात याखेरीज दुसरा दुवा नसतो. म्हणजे येथे तेल हे नुसते वंगण नसून तोच स्टिअरिंगचा दांडा आहे.

इंजिन अचानक बंद पडल्यास मापक युनिट हातपंपासारखे काम करते आणि जोर लावून ट्रॅक्टर वळवता येतो. मात्र त्यासाठी वाहिन्यांत तेल असावे लागते. नळी फुटून तेल निघून गेले, तर चाक हातात नुसते फिरत राहते. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर असताना असे घडणे म्हणजे काय, हे ऊस वा कापूस वाहून नेणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

आपल्या ट्रॅक्टरची रचना कोणती?

तेल निवडण्यापूर्वी ते कोठे साठवले जाते हे पाहावे. काही ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगसाठी स्वतंत्र पंप आणि बॉनेटखाली स्वतंत्र लहान टाकी असते. तिची क्षमता बहुधा दोन-तीन लिटरांच्या घरात असते. इतर ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगला लागणारे तेल गिअरबॉक्स, मागील ॲक्सल व हायड्रॉलिक लिफ्ट यांच्या सामाईक साठ्यातूनच घेतले जाते आणि हा साठा तीस ते साठ लिटरांपर्यंत असू शकतो. वेगळी टाकी सापडली नाही म्हणून ‘आमच्या ट्रॅक्टरला स्टिअरिंगचे तेल लागत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

ही माहिती चालक-पुस्तिकेत असते. पुस्तिका हरवली असल्यास त्याच मॉडेलची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्यावी. दुसरा विश्वासार्ह मार्ग म्हणजे परीक्षण अहवाल. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेली केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात इंजिन, ट्रान्समिशन, स्टिअरिंग इत्यादी भागांतील तेलाचे प्रमाण व उत्पादकाने सुचविलेली प्रत नोंदवलेली असते. आपल्या कार्यक्षेत्रात जी पाच-सहा मॉडेल प्रामुख्याने वापरात आहेत, त्यांचा एक तक्ता विस्तार कार्यकर्त्याने करून ठेवला तर बरेच प्रश्न जागेवरच सुटतील.

प्रत कशी ठरवावी?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारची तेले या कामासाठी सुचवली जातात. पहिले एटीएफ, म्हणजे मुळात स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी तयार केलेले तेल. डब्यावर बहुधा ‘डेक्सरॉन’ ही श्रेणी लिहिलेली असते. दुसरे यूटीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांसाठी एकच तेल; त्यावर जॉन डिअरचे जे२०सी किंवा मॅसी फर्ग्युसनचे एम११४५ यांसारखे मानक लिहिलेले आढळते. तिसरे साधे हायड्रॉलिक तेल, उदाहरणार्थ व्हीजी ४६. यांपैकी ‘सर्वांत चांगले’ कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे. ज्या पंपासाठी व सीलसाठी जे तेल सांगितले आहे, तेच त्यासाठी चांगले.

यामागचे मुख्य कारण तेलाची श्यानता, म्हणजे त्याचा दाटपणा. व्हीजी ४६ मधील ४६ हा आकडा ४० अंश सेल्सिअस तापमानाला असणारी श्यानता सेंटिस्टोक या एककात सांगतो. त्याच तापमानाला एटीएफची श्यानता सुमारे ३५, यूटीटीओची साधारण ६० च्या आसपास आणि इंजिनसाठीच्या २०डब्ल्यू-४० तेलाची शंभराहून अधिक असते. तापमान उतरले की ही तफावत कित्येक पटींनी वाढते. पंजाब-हरियाणात डिसेंबरच्या पहाटे ट्रॅक्टर सुरू करताच स्टिअरिंग पंप घरघरत असेल, तर आत जास्त दाट तेल भरले गेल्याची शक्यता आधी तपासावी. दाट तेल पंपाकडे पुरेशा वेगाने ओढले जात नाही, पंपात पोकळ्या निर्माण होतात आणि त्या फुटताना धातूची झीज होते. याउलट विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत नांगरट करताना फार पातळ तेल आतल्या आत निसटते. तेव्हा चाक स्थिर धरले तरी ट्रॅक्टर हळूहळू बाजूला सरकू लागतो.

दुसरे कारण तेलात मिसळलेली रसायने. सामाईक साठ्यात एटीएफ भरणे योग्य नव्हे. मागील ॲक्सलच्या दात्यांवर येणारा भार पेलण्यासाठी ते तयार केलेले नसते. तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ‘नव्वद नंबर’चे साधे गिअर ऑइल ओतले तर ब्रेक लावताना कर्कश आवाज व थरथर सुरू होते, आणि तेच दाट तेल स्टिअरिंग व लिफ्टच्या पंपालाही भोवते. रंगावरून तेल ओळखण्याची सवय तर सोडूनच द्यावी. एटीएफ बहुधा लाल असते. पण तो रंग गळती चटकन दिसावी म्हणून मिसळलेला असतो, ते गुणवत्तेचे प्रमाण नव्हे. दोन लाल तेले भिन्न असू शकतात.

ब्रेक ऑइलची चूक मात्र सर्वांत महाग पडते. टाकी दोन बोटे रिकामी दिसली आणि हाताशी असलेली ब्रेक ऑइलची बाटली ओतली, असे प्रकार घडतात. डॉट-३ व डॉट-४ प्रकारची ब्रेक ऑइल ही खनिज तेले नसून ग्लायकॉल वर्गातील द्रव आहेत. हायड्रॉलिक यंत्रणेतील नायट्राइल रबराची सील त्यांत फुगतात व मऊ पडतात. असे घडल्यास इंजिन अजिबात सुरू करू नये. टाकी व नळ्या पूर्ण रिकाम्या करून योग्य तेलाने धुऊन घ्याव्यात. इंजिन चालवले गेले असल्यास सील बदलण्याची तयारी ठेवावी.

तेल बदलण्याची वेळ

सामाईक साठ्यासाठी पुस्तिकांतील मुदत साधारण १००० तासांच्या घरात असते; स्वतंत्र टाकीची मुदत वेगळी असू शकते. पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. पण हा आकडा सर्वसाधारण कामासाठी असतो. भाताच्या चिखलणीत पुढचा ॲक्सल दिवसभर पाण्यात असतो. सिलिंडरच्या दांड्यावर चिखल वाळतो, दांडा आत-बाहेर होताना सील घासले जाते आणि पाणी आत शिरते. तेलंगणातील असो वा भंडारा-गोंदियातील, चिखलणीच्या हंगामानंतर तेलाची तपासणी करावी, तास पूर्ण झाले नसले तरी.

तपासणी सोपी आहे. थोडे तेल पारदर्शक बाटलीत घेऊन ती रात्रभर स्थिर ठेवावी. तेल दुधाळ दिसत असेल आणि थोड्या वेळात निवळले, तर त्यात हवा मिसळलेली आहे. पंपाकडे जाणाऱ्या नळीचे जोड सैल असावेत. सकाळीही दुधाळच राहिले किंवा तळाशी पाणी साचले, तर तेल बदलावे. शंका उरल्यास इंधनापासून दूर, तापलेल्या तव्यावर लांबून एकच थेंब टाकावा. पाणी असल्यास तो तडतडतो. करपट वास व काळपट रंग हे तेल फार तापल्याचे लक्षण होय.

सामाईक साठ्याच्या ट्रॅक्टरला आणखी एक धोका आहे, तो म्हणजे भाड्याची हायड्रॉलिक टिपिंग ट्रॉली. तिच्या सिलिंडरमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचे तेल शिल्लक असते. ट्रॉली उचलून खाली आणली की ते तेल, त्यातील पाणी व कचऱ्यासह, आपल्या ट्रॅक्टरच्या साठ्यात उतरते आणि तेथून स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. जोडणीची टोके पुसून मगच जोडावीत आणि शक्य तेथे ट्रॉली व ट्रॅक्टर यांची जोडी कायम ठेवावी.

स्टिअरिंग जड झाले म्हणजे तेल खराब झाले, असेही नाही. पुढील टायरमध्ये हवा कमी असणे, ॲक्सलच्या किंगपिनला ग्रीस नसणे किंवा पुढे जास्त वजन लावलेले असणे ही कारणे आधी तपासावीत. त्यांना खर्चही नाही.

बदलण्याची पद्धत

येथे स्वतंत्र टाकीच्या ट्रॅक्टरची पद्धत दिली आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा व मागील चाकांना दोन्ही बाजूंनी ओटी लावावी. पुढचा ॲक्सल जॅकने उचलून भक्कम आधारावर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसून घ्यावी. मापक युनिटमधील फटी अत्यंत बारीक असतात आणि शेतातील वाळूचा कण तेथे ओरखडे पाडतो.

टाकीकडे परतणारी कमी दाबाची नळी सोडवून तिचे टोक स्वच्छ बादलीत धरावे. टाकीतील तेल काढावे आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, म्हणजे सिलिंडरमधील जुने तेल बाहेर येईल. हे काम लवकर व्हावे म्हणून काही जण इंजिन सुरू करतात. कोरडा पंप काही क्षणांतच खराब होऊ शकतो, म्हणून तसे करू नये. फिल्टर बदलावा. जाळीची गाळणी असल्यास ती डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावी. टाकी आतून चिंधीने पुसू नये, सुटलेले धागे पंपाकडे जातात.

नळी पुन्हा जोडून सीलबंद डब्यातील तेल खुणेपर्यंत भरावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत जास्त टाळला जाणारा आहे, तो म्हणजे हवा काढणे. इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत दहा-बारा वेळा सावकाश फिरवावे व पातळी घटेल तसे तेल घालत राहावे. मग इंजिन सुरू करून मंद गतीवर हीच क्रिया पुन्हा करावी. चाक शेवटच्या टोकाला दाबून धरू नये. तेथे दाबाचा झडप उघडतो आणि सर्व शक्ती तेल तापवण्यात जाते. दैनंदिन कामातही ही सवय पंपाला मारक ठरते. टाकीत फेस दिसेनासा झाल्यावर चाके जमिनीवर उतरवून, वळवून पाहावे आणि इंजिन बंद करून पातळी पुन्हा तपासावी.

गळती शोधताना चालू यंत्रणेच्या नळीवरून हात कधीही फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोचण्याएवढी दिसते, दुखतही फारसे नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळतीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. तेल अंगात शिरल्याची शंका आल्यास घरगुती उपचार न करता त्वरित रुग्णालय गाठावे आणि कोणते तेल होते तेही डॉक्टरांना सांगावे.

भरलेल्या तेलाची प्रत व त्यावेळचे तास टाकीच्या झाकणाजवळ रंगाने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी ट्रॅक्टर दुसऱ्याच चालकाच्या किंवा मिस्त्रीच्या हाती असेल. पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर जोड व पातळी पुन्हा पाहावी. जुने तेल बांधावर, ओढ्यात किंवा वाळवीसाठी जमिनीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली वापरलेले तेल येते. ते झाकणबंद कॅनमध्ये, ब्रेक ऑइल व पाणी न मिसळता साठवून अधिकृत संकलकाकडे जाणाऱ्या गॅरेजला द्यावे.