हिरवी खूण कधीची आहे?

मी पुण्यातल्या एका कंपनीत बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करत असतानाची गोष्ट. टीममधल्या एकाने बिलाची रक्कम देणारं फंक्शन बदललं. आधी ते रुपयांत आकडा द्यायचं, आता पैशांत देऊ लागलं. अपूर्णांकांचा घोळ टाळायला हे योग्यच होतं, आणि जिथे जिथे ते वापरलं होतं त्या सगळ्या जागाही त्याने दुरुस्त केल्या. त्याच आठवड्यात टीममधल्या एकीने थकबाकीचा नवा रिपोर्ट लिहिला आणि त्यात रुपये समजून तेच फंक्शन वापरलं. दोघांच्या टेस्ट पास होऊन हिरवी खूण आलेली, दोन्ही पीआरचा रिव्ह्यू जाणत्यांनी केलेला. फाइली वेगळ्या असल्याने गिटने कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही. दोन्ही मर्ज झाले आणि अडीच हजारांची थकबाकी अडीच लाखांची झाली. स्मरणपत्रं गेली तसे ग्राहकांचे फोन सुरू झाले.

चूक कोणाची, यावर बैठकीत बराच खल झाला. दोघांचाही कोड आपापल्या ब्रँचवर बरोबर होता. पण दोन्ही बदल एकत्र येऊन जो कोड बनला, त्यावर टेस्ट एकदाही चालल्या नव्हत्या. गिट ओळी जुळवतं; त्यांचा अर्थ जुळतो का, हे त्याला कळत नाही.

म्हणून पहिला नियम: टेस्ट दोनदा चालवा. एकदा ब्रँचवर पुश करताना आणि पुन्हा मर्जच्या तोंडावर, ताज्या मेनमध्ये तो बदल मिसळून. रस्ट भाषेचे जनक ग्रेडन होअर यांनी 2014 मध्ये हेच मांडलं होतं: ज्यावर सगळ्या टेस्ट पास होतात, असाच कोड मुख्य शाखेत राहील याची काळजी यंत्रानेच घ्यावी. गिटहबवरची मर्ज क्यू आणि गिटलॅबवरची मर्ज ट्रेन हेच काम करतात. टीम लहान असेल, तर मर्जआधी ब्रँच अद्ययावत असलीच पाहिजे ही सेटिंगही पुरते. सगळ्या टेस्टना तास लागत असेल, तर पुश करताना झटपट होणाऱ्या चालवा, पूर्ण संच मर्जच्या वेळी.

रिव्ह्यूलाही वेळ असते. रचनेबद्दल शंका असेल तर ड्राफ्ट पीआर टाकून आधीच विचारा. सगळं लिहून झाल्यावर ‘पद्धतच चुकली’ हे सांगणं रिव्ह्यू करणाऱ्याला आणि ऐकणं लिहिणाऱ्याला जड जातं. ओळीन्‌ओळ तपासणी मात्र टेस्ट पास झाल्यावरच मागा. जे यंत्राला सापडतं ते शोधायला माणसाची नजर खर्चू नये. अप्रूव्हलनंतर नवा कमिट आला, तर जुनं अप्रूव्हल आपोआप रद्द होईल अशी सोय ठेवा. नाहीतर तपासलेला कोड एक आणि मर्ज झालेला दुसराच, असं होतं.

रिव्ह्यूवर भिस्त टाकून टेस्ट मात्र टाळू नका. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीडचा दोष रिव्ह्यू होऊनच आत गेला, आणि 2012 च्या आवृत्तीत आलेला तो दोष जगासमोर यायला एप्रिल 2014 उजाडलं.

‘हा कोड नाही, नुसती कॉन्फिगरेशनची फाइल आहे’ ही सबबही चालू देऊ नका. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या अशाच एका फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. ती फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता, आणि ती थोड्या संगणकांवर आजमावून न बघता एकदम सगळीकडे गेली होती.

रात्री सिस्टिम कोसळली आणि रिव्ह्यू करायला कोणी जागं नाही, तर घाईत नवा कोड लिहू नका. शेवटचा बदल रिव्हर्ट करा, टेस्ट चालवा आणि दुरुस्ती सकाळी नेहमीच्या वाटेने येऊ द्या. डेटाबेसची रचना बदलली असेल तर रिव्हर्ट इतका सोपा नसतो, म्हणून मागे कसं फिरायचं हे मर्जआधीच पीआरमध्ये लिहून ठेवा.

आणि फंक्शनचा अर्थ बदलला की त्याचं नावही बदला. आमच्याकडे नव्या नावात ‘पैसे’ हा शब्द आला असता, तर तो रिपोर्ट मर्जनंतर बिल्डमध्येच अडला असता आणि एकही चुकीचं पत्र गेलं नसतं.