सतरंजीवरचे केस आणि लेकराची धाप



मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही आरोग्याच्या गोष्टी बोलायला बसलो होतो. घरच्या ताईंनी आमच्यासाठी सतरंजी काढली आणि अंथरण्याआधी घरातच दोनदा जोरात झटकली. दारातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत मांजरीचे पांढरे केस तरंगताना दिसले. बाजूला खेळणारा त्यांचा सहा वर्षांचा नातू आधी शिंकला, मग खोकला, मग त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ताई म्हणाल्या, "मांजरीचा केस पोटात गेला अशीन, म्हनून दमा लागला त्याले." शेजारच्या बाईंचं म्हणणं, मांजर पोत्यात घालून दूर सोडून या.

केस पोटात गेला तर तो शौचावाटे बाहेर पडतो. त्याने दमा होत नाही. ज्याने त्या लेकराला धाप लागली ते डोळ्यांना दिसतच नाही. मांजर दिवसभर अंग चाटते. तिची लाळ केसांवर वाळते, कातडीचा बारीक कोंडाही केसांत असतो. काही माणसांच्या शरीराला याच लाळेतलं आणि कोंड्यातलं प्रथिन सोसत नाही. त्याचे कण इतके हलके असतात की एकदा उडाले की तासन्‌तास हवेत राहतात. केस म्हणजे त्या कणांची गाडी. केस सतरंजीत अडकला की गाडी तिथेच उभी राहते, आणि सतरंजी झटकली की सगळे प्रवासी एकदम उतरतात!

कुत्र्याचंही तसंच. पावसाच्या रात्री बकऱ्या आपल्या पुढच्या खोलीतच बांधाव्या लागतात, त्यांचे केस आणि कोंडाही अंथरुणात येतो. त्यात भर म्हणजे धुळीतला किडा. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हा जीव माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगतो आणि दमट गोधडीत चांगला फोफावतो. म्हणून पावसाळ्यात पोरं जास्त खोकतात.

आता केस काढायचे कसे? पहिली गोष्ट, घरात झटकायचं नाही आणि कोरडा फडाही मारायचा नाही. सतरंजी जागेवरच हलक्या हाताने गुंडाळा, अंगणात न्या आणि मग उलगडा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. जो करेल त्याने नाका-तोंडावर रुमाल बांधावा.

केस काढायला महागडं यंत्र लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्या, किंवा धुतलेली रबरी चप्पल. किंचित ओली करून सतरंजीवर एकाच दिशेने ओढत न्या. रबर केसांना धरतं, त्यांच्या वळकट्या होतात आणि त्या हाताने उचलता येतात. मागेपुढे घासू नका, तसं केलं तर केस पुन्हा विणीत शिरतात. अकोटची असो की बाजारातली, सुती सतरंजी सपाट विणीची असते, तिच्यातून केस लवकर निघतात. वाकळीच्या टाक्यांत ते अडकून बसतात, तिथे ओल्या फडक्याने टाक्याच्या रेघेने पुसावं लागतं. सगळ्यात त्रासाचं ते लग्नात आहेर म्हणून येणारं मऊ लवीचं मिंक ब्लँकेट. दमा असलेल्या लेकराला ते अंगावर देऊ नये, असं आमचं मत आहे. धुवून होईल अशी सुती चादर बरी. निघालेले केस वाऱ्यावर सोडू नका, ओल्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. जमीन ओल्या फडक्याने पुसा.

केस निघाले तरी त्यांच्यावरचं प्रथिन कापडात उरतं. ते फक्त धुण्यानेच जातं. धुळीतले किडे मारायला पाणी साधारण ६० अंशांचं लागतं. थर्मामीटर नको: उकळत्या पाण्यात तेवढंच साधं पाणी मिसळा, जवळपास तेवढं तापमान येतं. चादर, उशीची खोळ, मांजर बसते ते पोतं यांना त्यात अर्धा तास भिजू द्या. लेकरं जवळ नाहीत ना, एवढं बघा.

आम्हाला माहीत आहे, मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात कित्येक वस्त्यांत हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी वाकळ दर आठवड्याला धुवा, असं सांगणारा माणूस पाणी भरायला कधी गेलेलाच नसतो. पण तेव्हा ऊन भरपूर असतं. वाकळ दिवसभर पत्र्यावर दोन्ही बाजूंनी वाळत घाला, उन्हाने किडे सुकून मरतात. मात्र त्यांची विष्ठा कापडातच राहते आणि धाप तिनेही लागते. म्हणून ऊन दिल्यावर वाकळ घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, काठीने बडवा. पाणी थोडं असेल तर ते लेकराच्या चादरीला आणि उशीला आधी वापरा. ओढ्याला पाणी आलं आणि उघडीप मिळाली की मग वाकळी काढा. अर्धवट ओली वाकळ घडी घालून ठेवू नका.

पिसवा झाल्या असतील तर एका धुण्याने भागत नाही. पिसू जनावराच्या अंगावर अंडी घालते, पण ती गळून अंथरुणात आणि जमिनीच्या भेगांत पडतात. अळी पुढे कोश करते आणि कोशात ती कित्येक आठवडे तग धरते. म्हणून निदान महिनाभर आठ-आठ दिवसांनी धुणं आणि भेगा साफ करणं चालू ठेवावं लागतं. जनावराचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. कपाशी-सोयाबीनवरचं फवारणीचं औषध उरलं म्हणून ते बकरीला चोळणं किंवा गोधडीवर शिंपडणं जिवावरचं आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, ते मोकळ्या शेतात. इथे तर लेकरू त्याच कापडावर नाक ठेवून झोपतं. कडुनिंबाच्या पाल्याची धुनीही दम्याच्या पेशंटच्या खोलीत नको. धूर, मग तो चुलीचा असो, मच्छर कॉइलचा असो की अगरबत्तीचा, धाप वाढवतो.

मांजरीच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले आणि लेकराच्या अंगावर खाजणारं गोल कडं उठलं, तर ते गजकर्ण असू शकतं. त्याचे बीजकण गळलेल्या केसांवर अनेक महिने टिकतात. मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कडं दुप्पट पसरतं. डॉक्टरांना दाखवा.

आणि मांजर हाकलायची का? सोयाबीन, तुरीची पोती घरात असताना मांजर उंदीर राखते, हा तिचा मोठा उपकार आहे. शिवाय ती गेली तरी तिचे कण घरात चार-सहा महिने राहतात, म्हणजे धुणं काही चुकत नाही. आधी तिला झोपायच्या जागेपासून तोडा. तिचं पोतं ओसरीत टाका, अंगावरून ओला हात घराबाहेर फिरवा. एवढं करूनही धाप राहिली आणि डॉक्टर म्हणाले, तर तिला नात्यातल्या कुणाकडे द्या.

विहारातल्या सतरंज्यांचंही बघायला हवं. दार उघडं राहिलं की कुत्री-मांजरं त्यावरच निजतात, आणि वर्षावासात तीन महिने तिथे म्हातारी माणसं, लेकरं रोज बसतात. सतरंज्या जमिनीवर गुंडाळून ठेवण्याऐवजी उंच दांडीवर टाका, तेवढ्याने अर्धं काम होतं.

हे सगळं दवाखान्याच्या बदल्यात नाही. पोरगं वारंवार रात्री खोकत असेल, छातीतून शिट्टी येत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. "पंपाची सवय लागते" ही भीती चुकीची आहे. पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते गोळीपेक्षा कमी लागतं. लहान मुलाला पंपासोबत स्पेसर लागतो. तो महाग वाटला तर डॉक्टरांना विचारा, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासूनही तो करता येतो, पण त्यांच्याकडूनच करून घ्या. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, दोन शब्द बोलून लेकरू थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरात काही करत बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा.

त्या ताईंचा नातू आता पंप घेतो. मांजर ओसरीत असते, तिचं पोतं दर रविवारी गरम पाण्यात पडतं. परवा पुन्हा गेलो, तर ताईंनी सतरंजी अंगणातून आणून अंथरली.