ॲडॉप्टर अपुरा पडतो काय?

लॅपटॉपवर त्रिमितीय चित्रांचा एखादा खेळ सुरू केला, की पहिली काही मिनिटे तो झकास चालतो. मग चित्रे अडखळू लागतात. अशा वेळी 'ॲडॉप्टर कमी शक्तीचा आहे, मोठा आण' असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला खरा असेल, खोटाही असेल. पण मोठा ॲडॉप्टर स्वस्त नसतो. तेव्हा खरेदीआधी प्रयोग करून पाहणे बरे.

प्रथम ॲडॉप्टरच्या पाठीवरील मजकूर वाचा. 'इनपुट' नव्हे, 'आउटपुट'पुढील आकडे घ्या. समजा, तेथे २० व्होल्ट व ३.२५ अँपिअर असे लिहिले आहे. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. म्हणून हा ॲडॉप्टर ६५ वॅटचा. लिहिण्यावाचण्याच्या कामाला लॅपटॉपला १०-१५ वॅट पुरतात. खेळात मात्र मुख्य प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारा प्रोसेसर असे दोघेही एकदम राबतात. त्यांची गरज ८५ वॅटवर गेली, तर वरचे २० वॅट येणार कोठून?

पुष्कळ लॅपटॉप ही तूट बॅटरीतून भरून काढतात. बॅटरी ६० वॅट-तासांची असेल, तर अर्ध्या तासात १० वॅट-तास, म्हणजे सुमारे १७ टक्के ऊर्जा खर्च होईल. ॲडॉप्टर जोडलेला असूनही खेळताना बॅटरी अशी सतत उतरत असेल, तर तो सबळ पुरावा होय. पण ती उतरली नाही म्हणून ॲडॉप्टर निर्दोष ठरत नाही. काही लॅपटॉप बॅटरीला हात न लावता प्रोसेसरचा वेगच कमी करतात.

आणि वेग कमी करणारा दुसरा संशयित आहे उष्णता. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो. बाहेरून दिसणारे लक्षण तेच!

दोघांना वेगळे कसे करायचे? त्याच कंपनीचा, त्याच लॅपटॉपला चालणारा, जास्त वॅटचा ॲडॉप्टर कोणाकडून तरी तात्पुरता मागून आणा. बॅटरी पूर्ण भरून घ्या, नाहीतर काही शक्ती ती भरण्यातच जाईल. खेळातील एकच प्रसंग वीस मिनिटे चालवा व दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रे येतात, तापमान किती, बॅटरी किती, हे दर दोन मिनिटांनी वहीत लिहा. खेळात 'सेकंदाला ६० चित्रे' अशी मर्यादा घातलेली असेल तर ती काढा. तिच्यामुळे खरा फरक झाकला जातो.

आता क्रम. आधी लहान आणि लगेच मोठा ॲडॉप्टर लावला, तर मोठ्याच्या वाट्याला तापलेले यंत्र येते आणि तुलना बिघडते. म्हणून लहान, मोठा, मोठा, लहान अशा चार फेऱ्या घ्या आणि प्रत्येक फेरीपूर्वी लॅपटॉप पुरता निवू द्या. पाचवी फेरी लहान ॲडॉप्टरवरच, पण लॅपटॉपची मागची बाजू उचलून व टेबलपंखा लावून घ्या. पंख्याने चित्रे वाढली तर उष्णतेला पकडा; मोठ्या ॲडॉप्टरच्या दोन्ही फेऱ्यांत वाढली तर ॲडॉप्टरला. दोन्हींनी थोडी थोडी वाढली, तर नवल मानू नका.

मोठ्या ॲडॉप्टरने लॅपटॉप जळेल, ही भीती अनेकांना वाटते. अँपिअरचा आकडा मोठा असल्याने धोका नसतो, कारण लॅपटॉप गरजेइतकाच प्रवाह ओढतो. व्होल्ट मात्र लॅपटॉपला हवे तेवढेच असले पाहिजेत, आणि पिनेवरील धन-ऋण खुणाही जुळल्या पाहिजेत. ॲडॉप्टर उघडून पाहण्याच्या भानगडीत कधीही पडू नका.

एक उदाहरण सोडवून पाहा. ॲडॉप्टरवर १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर असे लिहिले आहे. तो पूर्ण शक्ती देत असतानाही ५० वॅट-तासांची बॅटरी १५ मिनिटांत १० टक्क्यांनी उतरली. लॅपटॉप सुमारे किती वॅट वापरत होता?