गोल्फ : पंचाविना खेळ

नवलाख उंबऱ्याच्या होस्टेलवर खेळ म्हणजे क्रिकेट, पावसाळ्यात कॅरम. त्यामुळे मी गोल्फ खेळून आलो असं सांगितल्यावर मेसमध्ये पहिला प्रश्न आला, "लॉटरी लागली का?" तसं काही नाही. रूम पार्टनरचे मामा गोल्फ खेळतात. त्यांनी चार महिने आम्हाला रेंजवर नुसते चेंडू मारायला लावले आणि मग एका रविवारी येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर पाहुणे म्हणून नेलं. तळेगावहून सकाळची लोकल पकडली.

कोर्स 18 होल्सचा. 1764 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजने 22 चे 18 केले, तेच पुढे जगभर चाललं. भारतात हा खेळ फार लवकर आला, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा आहे. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये (2021) खेळला, हे आमच्या विंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मामांनी सांगितलं.

प्रत्येक होलला 'पार' असतो. पार 4 म्हणजे दोन फटक्यांत ग्रीनवर पोचायचं आणि दोन पटमध्ये चेंडू 108 मिलिमीटरच्या खड्ड्यात घालायचा. पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात.

आता आपल्या कामाचं. प्रोजेक्टाइलचा चॅप्टर सांगतो की सर्वांत लांब जायला 45 अंश हवेत. मग ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण 10 अंशच का? कारण चॅप्टरमध्ये हवा नाही! क्लबच्या तिरक्या तोंडामुळे चेंडू उलटा फिरतो आणि त्या बॅकस्पिनमुळे हवा त्याला वर उचलते. चेंडूवरचे खळगेही शोभेचे नाहीत. ते बाउंडरी लेयर टर्ब्युलंट करतात, मग हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागचा वेक अरुंद होतो आणि ड्रॅग घटतो. गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मं अंतर जाईल. (फ्लुइड मेकॅनिक्सचे सर हे वाचत असतील तर ओरलमध्ये हाच प्रश्न विचारावा, ही विनंती.)

आम्ही 9 होल्स खेळलो. सहाव्या होलला माझा चेंडू दाट गवतात गेला. मी क्लब मागे टेकवला आणि चेंडू अर्धा इंच सरकला. मामा पलीकडच्या बाजूला, पार्टनर झाडाखाली पाणी पीत होता. कॅडीदादांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. या खेळात बहुतेक वेळा पंच जवळ नसतो, आपली पेनल्टी आपणच सांगायची. मी पार्टनरपेक्षा एका स्ट्रोकने पुढे होतो आणि हरणाऱ्याने महिनाभर दोघांची बादली भरायची, अशी पैज होती.

1925 च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू असाच गवतात हलला होता. दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं, तरी त्याने स्वतःवर एक स्ट्रोक लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो एका स्ट्रोकने हरला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी डोळ्यांसमोर फक्त बादली होती.

शेवटी ओरडलो, "मामा, चेंडू हलला!" ते लांबूनच म्हणाले, "मग एक वाढव." कॅडीदादा शांतपणे म्हणाले, "आधी होता तिथं ठेवा, मग मारा."

एकूण माझे 64, पार्टनरचे 63. बादली माझ्याकडे आली.

सोमवारी व्हेंच्युरीमीटरचं जर्नल द्यायचं होतं. चौथं रीडिंग ग्राफवर बसत नव्हतं. नेहमी आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी आलं तसंच लिहिलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि प्रयोग परत करायला लावला. मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता.