कंपनी बेंगळुरूची, तक्रार सोलापुरात

मोबाईल, संगणक आणि ऑनलाइन खरेदी यांबद्दल मोहोळ शहर आणि तालुक्यातून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य आहे: 'एवढ्या मोठ्या कंपनीपुढं आपलं काय चालणार?' मला उत्तर द्यायचं आहे ते मुख्यतः या वाक्याला. तुमच्या एकट्याचं नुकसान झालं असेल तर ग्राहक आयोग आहे. कंपनीच्या ताकदीमुळे सगळ्या बाजाराचीच कोंडी होत असेल तर स्पर्धा आयोग आहे. दोन्ही ठिकाणी सामान्य माणसाला प्रवेश आहे, मात्र कागद हातात हवा.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मुलीच्या कॉलेजसाठी सेलमध्ये एका ॲपवरून चौदा हजारांचा मोबाईल मागवला. बाराव्या दिवशी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या. ॲपवाले म्हणतात, परत करायची सात दिवसांची मुदत संपली. सर्व्हिस सेंटरवाले तोंडी म्हणाले, 'आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.' आमच्यात कुणीही तो पाण्यात पाडलेला नाही. विक्रेता दिल्लीचा, ॲपची कंपनी बेंगळुरूची आणि अटींत 'वाद बेंगळुरूच्या कोर्टात' असं लिहिलंय. आम्ही जायचं कुठं?
— एक गृहिणी, कुरुल

उत्तर : ताई, सोलापूरला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. विरुद्ध पक्षाचं कार्यालय कुठं आहे किंवा तक्रारीचं कारण कुठं घडलं, यावर सगळं अवलंबून असायचं. संसदेने दिलेला हा हक्क कंपनीला ॲपच्या अटींत एक ओळ टाकून काढून घेता येत नाही. त्या ओळीला घाबरू नका.

आता सात दिवसांच्या मुदतीचं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ॲपवरची मुदत ही कंपनीने आपल्या सोयीसाठी आखलेली असते. मुळातच दोष असलेल्या वस्तूवरचा तुमचा हक्क तिच्यामुळे संपत नाही.

सर्व्हिस सेंटरचं तोंडी उत्तर अजिबात स्वीकारू नका. जॉबशीट मागा, त्यावर 'पाणी गेलं' हे कारण, तारीख आणि सही घ्या, उघडलेल्या मोबाईलचे फोटो मागा. दिले नाहीत तर त्याच दिवशी ई-मेल करून 'मागितले, दिले नाहीत' असं नोंदवून ठेवा. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

पुढची पायरी म्हणजे ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. एवढ्यावर भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या आयोगाकडे तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, ती तयारी ठेवा.

विक्रेता, मोबाईल बनवणारी कंपनी आणि ॲप या तिघांनाही पक्षकार करा. ॲपवाले म्हणतील, 'आम्ही फक्त जागा पुरवतो.' त्याला २०२२ चं उदाहरण आहे. सक्तीचं मानक न पाळणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर गेले होते आणि त्या विक्रीवर कंपनीने सहा लाखांहून अधिक शुल्क मिळवलं होतं. प्रत्येक विक्रीतून कमाई होत असताना अंग काढून घेता येणार नाही, असं प्राधिकरणाने बजावलं. तुमच्या तक्रारीतही हाच मुद्दा मांडा.

प्रश्न : मोहोळमध्ये माझं मोबाईलचं दुकान आहे. नवीन मॉडेल आधी ॲपवर येतं. आमच्याकडे येईपर्यंत गिऱ्हाईक संपलेलं असतं. काही मॉडेलं तर येतच नाहीत. सेलच्या दिवसांत ॲपवरचा भाव माझ्या खरेदीभावापेक्षा कमी असतो. ग्राहक आयोगात जाऊ का?
— एक दुकानदार, मोहोळ

उत्तर : नाही. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा 'ग्राहक' ठरत नाही, त्यामुळे तिथं तुमची तक्रार टिकणार नाही. तुमचं गाऱ्हाणं बाजारातल्या स्पर्धेचं आहे आणि त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोग आहे.

हेच दुखणं घेऊन दिल्लीच्या व्यापाऱ्यांची संघटना, दिल्ली व्यापार महासंघ, आयोगाकडे गेली होती. ठरावीक मोबाईल एकाच ॲपवर विकणं, काही लाडक्या विक्रेत्यांना झुकतं माप देणं आणि भरमसाट सवलती, हे आरोप होते. १३ जानेवारी २०२० रोजी आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी करण्याचा आदेश दिला. कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात गेल्या, चौकशीला स्थगिती मिळाली. जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. चौकशी सुरू होऊ द्यायची की नाही, एवढ्यातच दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात तुमच्यासारख्या दुकानदाराचा अख्खा दिवाळी हंगाम येऊन जातो, आणि माझ्या मते अन्याय इथंच आहे. मोठ्या कंपनीला उशीर परवडतो. लहान दुकानाला परवडत नाही.

परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांवर १ फेब्रुवारी २०१९ पासून एक बंधन आहे: 'तुझा माल फक्त आमच्याकडेच विक' अशी सक्ती विक्रेत्यावर करता येत नाही. पण विक्रेत्याने तसं स्वखुशीने केलं म्हटलं की या बंधनातून पळवाट निघते. म्हणून स्पर्धा कायद्याचा मार्ग महत्त्वाचा. अशा कराराने स्पर्धेला बाधा येते हे दाखवता आलं, तर 'स्वखुशी'चा बचाव पुरा पडत नाही.

तुम्ही एकट्याने लढू नका. तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या मोबाईल विक्रेत्यांनी मिळून माहिती गोळा करा. वितरकाच्या बिलावरचा तुमचा खरेदीभाव, त्याच दिवशीचा ॲपवरचा विक्रीभाव, मॉडेल मागितल्याचे आणि मिळालं नसल्याचे वितरकाशी झालेले मेसेज. आरोपांनी भरलेल्या दहा पानी निवेदनापेक्षा तारखेसह जपलेले असे पुरावे आयोगापुढं अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : तहसीलजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं सेंटर आहे. दोन जुने संगणक उत्तम चालतात. पण विंडोज १० बंद झालं आणि नवीन विंडोज त्यांवर बसत नाही म्हणे. चालती वस्तू भंगारात काढायला लावणं ही फसवणूक नाही का?
— एक सेंटरचालक, मोहोळ

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. कायद्याची बाजू मात्र कमजोर आहे, ती स्पष्ट सांगते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. संगणक बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आपोआप बुजवल्या जात नाहीत. स्वतःच्या रोजगारासाठी यंत्र घेऊन त्यावर पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहक ठरतो, त्यामुळे तक्रारीचा हक्क तुम्हाला आहे. पण कंपनीने अमुक इतकी वर्षं अपडेट दिलेच पाहिजेत, असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. २०१५ साली आलेल्या प्रणालीला दहा वर्षं अपडेट मिळाले, असं कंपनी म्हणेल आणि आयोगापुढं ते चालेल. हा नियम व्हायला हवा. वस्तू विकतानाच 'अपडेट अमुक तारखेपर्यंत' असं खोक्यावर छापणं सक्तीचं केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या सेंटरवर लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रं येतात, म्हणून हा प्रश्न लांबणीवर टाकू नका. आधी संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतो का, हे कंपनीच्या मोफत तपासणी साधनाने बघा. टीपीएम २.० नावाची सुरक्षा सुविधा बऱ्याच यंत्रांत असते, फक्त बंद ठेवलेली असते. नसेल बसत, तर जादा सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. व्यवसायासाठीच्या अटी आणि दर वेगळे आहेत, ते वाचून घ्या. तिसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली आहे. ती मोफत आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. तुमचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र तिच्यावर चालतं का, हे मात्र एका संगणकावर आधी पडताळा.

पाचशे रुपयांत 'क्रॅक' विंडोज टाकून देणाऱ्याला दारात उभं करू नका. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न : नातवाने एका ॲपची 'सात दिवस मोफत' योजना घेतली. आता दरमहा माझ्या खात्यातून पैसे जातात. ॲपमध्ये रद्द करायचं बटण सापडत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, अनगर

उत्तर : गुरुजी, बटण शोधत बसू नका. ज्या यूपीआय ॲपवरून संमती दिली गेली, तिथं 'ऑटोपे' या भागात ती रद्द करा. कार्डवरून असेल तर बँकेला लेखी कळवा. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सूचना आली नसेल तर तक्रारीत तसं लिहा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली आहे. सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं ही त्यांतलीच एक. पडद्याचे फोटो काढा आणि १९१५ वर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मोबाईल नवा घेतला तरी त्यात गूगलची ॲप्स आधीच भरलेली असतात, ती काढताही येत नाहीत. जागा माझी, पैसे माझे. या मक्तेदारीविरुद्ध गावातला मुलगा काही करू शकतो का?
— एक विद्यार्थी, मोहोळ

उत्तर : करू शकतो. नेमक्या याच प्रश्नावर देशातला मोठा खटला उभा राहिला, आणि २०१८ मध्ये तो दाखल करणाऱ्या तिघांत एक जण कायद्याचा विद्यार्थी होता. इतर दोघे स्पर्धा आयोगातच संशोधन सहायक होते. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ नुसार कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा संघटना आयोगाला माहिती देऊ शकते. त्यासाठी स्वतःचं नुकसान सिद्ध करण्याची अट नाही.

आयोगाला असं आढळलं की मोबाईल कंपन्यांना गूगलचा ॲप्सचा सगळा संच घ्यावाच लागतो, त्यातलं एखादं नको म्हणता येत नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड झाला आणि अनेक निर्देशही दिले गेले. त्यानंतर पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या पैसे वसुलीच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला. पुढं मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला.

यातल्या पहिल्या निकालाचा एक परिणाम तुमच्या हातात आहे. शोधासाठी कोणतं इंजिन हवं, हे भारतातल्या नव्या अँड्रॉइड फोनवर निवडता येऊ लागलं आणि कंपन्यांना ॲप्स सुटी घेण्याची मुभा मिळाली. पण २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवताना आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून भरलेली ॲप्स काढू द्यावीत, हा निर्देश त्यांतच होता. म्हणून तुमच्या फोनवर बऱ्याच ठिकाणी 'डिसेबल' दिसतं, 'अनइन्स्टॉल' दिसत नाही. वाद पुढं सर्वोच्च न्यायालयात गेला.

यातून मला एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. नुकसान होऊन गेल्यावर चार वर्षांनी दंड, मग अपील, मग पुन्हा अपील, ही पद्धत डिजिटल बाजाराला पुरत नाही. अवाढव्य कंपन्यांनी काय करायचं नाही, हे आधीच ठरवणारा कायदा लागतो. मार्च २०२४ मध्ये सरकारी समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला, तो याच विचाराने. कंपन्यांनी त्याला विरोध केला आहे. आपण, म्हणजे ज्यांचा खिसा आणि ज्यांची माहिती पणाला लागली आहे त्यांनी, त्याबद्दल आपल्या खासदाराला पत्र लिहिलं पाहिजे. कायद्याचा अभ्यास करायची इच्छा असेल तर या दोन निकालांपासून सुरुवात करा. स्पर्धा आयोगाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात.