वेफरच्या कारखान्यांतील बटाटा

पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव, खेड व जुन्नर या तालुक्यांत, विशेषतः सातगांव पठारावर, खरिपाचा बटाटा हें पुष्कळ कुटुंबांचें मुख्य नगदी पीक आहे. यांतील बराच माल हल्लीं भाजीच्या बाजारांत न जातां वेफरच्या कारखान्यांकडे जातो. कारखान्याच्या दारावरून गाडी परत फिरविली गेल्याची तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. बटाटा दिसावयास उत्तम, मोठा, निरोगी. भाजीस वापरला तर कोणीहि त्यास नांव ठेवणार नाहीं. असें असतां तो नाकारला कां, हें न कळल्यामुळें शेतकऱ्याच्या मनांत किल्मिष येतें. क्वचित् तें सार्थहि असेल. परंतु बहुतेक प्रसंगीं कारण बटाट्याच्या पोटांतच असतें, आणि तें समजण्यासाठीं वेफर कसा होतो हें आधीं पाहिलें पाहिजे.

गाडी आली कीं तिच्या निरनिराळ्या भागांतून नमुना काढतात. त्यांतील बटाटे तोलून, कापून व त्यांच्या चकत्या तेथल्या तेथें तळून पाहतात. माल पसंत पडला म्हणजे तो पाण्याच्या प्रवाहांत सोडून माती व खडे वेगळे करितात. नंतर खरखरीत पृष्ठभागाच्या फिरत्या रुळांवर त्याची साल खरवडली जाते. ज्या बटाट्याचे डोळे खोल, त्याची साल निघतां निघतां गरहि बराच झिजतो; म्हणून उथळ डोळ्यांचा, वाटोळा व मध्यम आकाराचा बटाटा कारखानदारास प्रिय असतो.

चकत्या करणाऱ्या यंत्रांत बटाटा वेगानें फिरतो व बाहेरच्या कडेस दाबला जाऊन तेथील पात्यांवर कापला जातो. चकतीची जाडी साधारणपणें सव्वा ते पावणेदोन मिलिमीटर असते, आणि ती सर्वत्र सारखी असावी लागते. नाहीं तर पातळ चकती करपते व जाड चकती मऊ राहते. कापलेल्या पृष्ठभागावर आलेलें पिष्ट पाण्यानें धुवून काढतात. आपल्या घरीं कीस धुतांना तळाशीं जो पांढरा सांका बसतो तोच हा. तो टाकून न देतां कारखाने वेगळा काढून विकतात. मग चकत्यांवरील पाणी वाऱ्याच्या झोतानें उडवून त्या सुमारें १७० ते १८५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या तेलांत सोडतात. येथें कढई म्हणजे एक लांब पन्हळ असून तींतून चकत्या सतत पुढें सरकत जातात. तीन मिनिटांच्या आंतबाहेर तळणी पुरी होते. तेलांतील बुडबुडे म्हणजे बटाट्यांतून वाफ होऊन निघणारें पाणी होय. ते थांबत आले म्हणजे चकतींत २ टक्क्यांहून कमी पाणी उरतें. गरम असतांनाच मीठमसाला लावतात, काळे पडलेले तुकडे प्रकाशाच्या साहाय्यानें ओळखणारें यंत्र बाजूस उडवितें, आणि पिशवींत हवेऐवजीं नत्रवायु भरतात. हवेंतील प्राणवायूनें तेल खवट होतें, तें याच्या योगानें टळतें.

आतां शेतकऱ्याच्या हिताच्या गोष्टीकडे वळूं. बटाट्यांत पाणी वजा जातां जो शुष्कांश उरतो, त्यावरच कारखान्याचा सर्व हिशेब अवलंबून असतो. १०० किलो बटाट्यांतून सालीचे व छाटणीचे ८ किलो गेले असें समजूं. उरलेल्या ९२ किलोंत शुष्कांश २० टक्के असेल तर तो १८.४ किलो होतो. तयार वेफरमध्यें सुमारें ३५ टक्के तेल व २ टक्के पाणी धरिलें तर या मालाचे २९ किलो वेफर निघावेत. शुष्कांश १६ टक्केच असेल तर २३ किलो. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षांत कांहीं पिष्ट धुण्यांत जाऊन उतारा याहून कमीच येतो. शिवाय पाणचट बटाटा तेल अधिक पितो, आणि तेल हें बटाट्याहून पुष्कळ महाग. तेव्हां भाव ठरवितांना कारखाना खरोखर वजन घेत नसून शुष्कांश विकत घेत असतो, हें आपण विसरतां कामा नये.

हा शुष्कांश घरीं अजमावतां येतो. १० लिटर पाण्यांत १.२५ किलो मीठ पूर्ण विरघळवावें. त्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व जवळजवळ १.०८ होतें. धुवून पुसलेले बटाटे त्यांत सोडावे. जे बुडतात त्यांत शुष्कांश साधारण २० टक्के वा अधिक असतो. तरंगतात ते हलके. मात्र आंतून पोकळ झालेला बटाटाहि तरंगतो, म्हणून तरंगणारे कांहीं कापून पाहावे.

दुसरा दोष साखरेचा. बटाट्यांतील कांहीं साखरा तळतांना त्याच बटाट्यांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं संयोग पावतात व चकती तपकिरी आणि कडवट होते. ताज्या वजनाच्या ०.१ टक्क्याइतकी अशी साखरहि कारखान्यास अधिक वाटते. जिभेस ती कळणारहि नाहीं. २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, याच क्रियेंत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें. तेव्हांपासून रंगाची परीक्षा ही केवळ दिसण्यापुरती राहिलेली नाहीं.

साखर वाढण्याचें ठळक कारण म्हणजे थंडी. भाजीचा व बेण्याचा बटाटा शीतगृहांत २ ते ४ अंशांवर ठेवतात, तें योग्यच आहे. पण त्या थंडींत पिष्टाची साखर होते. वेफरचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवावा लागतो, आणि तेथें मोड येऊं नयेत म्हणून औषधाची योजना करावी लागते. थंड वखारींतला माल सुमारें २० अंशांवर दोनतीन आठवडे ठेविल्यास साखर कांहींशी उतरते, पण सर्व जातींत सारखी नव्हे. भाव वाढेल या आशेनें जवळच्या शीतगृहांत माल टाकून मग तो वेफरसाठीं नेणाऱ्यानें हें आधीं जाणावें. उत्तरेकडील मैदानांत हिवाळ्याच्या थंड रात्रींनीं उभ्या पिकांतच साखर वाढते. आपल्या दख्खनच्या पठारास या बाबतींत निसर्गाची अनुकूलता आहे.

जातीचा भाग मोठा आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनें १९९८ सालीं ‘कुफरी चिपसोना’ १ व २ या जाती मुद्दाम याच कामासाठीं दिल्या. त्यापूर्वींची ‘कुफरी लवकर’ ही पठारी प्रदेशासाठींच होती. तिचें नांवहि आपल्या मराठींतून घेतलेलें आहे. करारानें बेणें घेणाऱ्यांस कंपनी देईल तीच जात लावावी लागते. बेणें जपून ठेवण्याविषयीं मात्र २००१ च्या वनस्पति-वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याचें ३९ वें कलम वाचून ठेवावें. त्याप्रमाणें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील उत्पन्न, बियाण्यासुद्धां, राखण्याचा, पेरण्याचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचें बियाणें छापील नांवाच्या पिशवींत विकतां येत नाहीं. २०१९ सालीं गुजरातेंतील शेतकऱ्यांवर एका वाणाबद्दल भरलेले दावे कंपनीनें मागे घेतले, तेव्हां या कलमाची चर्चा देशभर झाली.

मशागतींत चार गोष्टी सांभाळाव्या. नत्र उशिरां व अति दिल्यास पाला माजतो, कंद अपक्व राहतो व शुष्कांश घटतो. पालाश देतांना म्युरिएटपेक्षां सल्फेट शुष्कांशास चांगलें. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यानें बटाटा तडकतो किंवा पोकळ होतो. मातीची भर पुरेशी न दिल्यास उघडा पडलेला कंद हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा भाजीसहि घातक. काढणीपूर्वीं दहापंधरा दिवस पाला कापावा, म्हणजे साल घट्ट होते. आणि गाडींत भरतांना गोणी उंचावरून आपटूं नयेत, कारण आंतला काळा डाग सालीवरून दिसत नाहीं, तळल्यावर दिसतो.

काढणीच्या आठवडाभर आधीं शेताच्या चारपांच ठिकाणचे बटाटे उपटून, पातळ चकत्या करून, धुवून, पुसून घरींच तळून पाहाव्या. रंग फिका सोनेरी आला तर माल पाठवावा. तपकिरी आला तर थोडें थांबून पुन्हां पाहावें, किंवा गाडी सरळ भाजीच्या बाजारास न्यावी. कारखान्यांत माल नाकारल्यास नमुन्याचें वजन व तळलेली चकती स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा, आणि नाकारण्याचें कारण लेखी मागावें. करार करतांनाच ही अट घालून घेतली असल्यास काम सोपें जातें.